क्यू ताप: शेळीला हात न लावताही माणूस पंधरा वर्षं थकतो? जाणकारांनी सांगावं

माणगंगा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आयंडहोवनजवळच्या एका गावात भाड्याने राहतो. मागच्या महिन्यात वरच्या न्हाणीघरातला नळ गळायला लागला म्हणून घरमालक आले. साठीचे, सहा फुटी गृहस्थ. जिना चौदा पायऱ्यांचा, सातवीवर ते बसले. पान्हा मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं, पाच मिनिटं गप्प. मी घाबरून पाणी आणलं तर म्हणाले, "काही नाही, क्यू-कोर्ट्स." कोर्ट्स म्हणजे डचमध्ये ताप. २००९च्या वसंतात न्यूमोनिया झाला, तो बरा झाला, पण थकवा तेव्हा जो आला तो गेलाच नाही. नोकरी सोडावी लागली. एक किलोमीटरवर शेळ्यांचा मोठा फार्म होता. "मी आयुष्यात शेळीला हात लावलेला नाही. खिडकी उघडी होती, बस्स."

आता खरं कारण. माझा भाऊ माण तालुक्यात असतो, ३५ उस्मानाबादी शेळ्या आहेत. गेल्या दोन महिन्यांत चार शेळ्या गाभडल्या (गर्भ पडला), त्याही शेवटच्या महिन्यात. तिकडे कुणी म्हणतं चाऱ्यातलं काही लागलं, कुणी म्हणतं नजर. आणि शेळी अडली की आमची आई हाताला गोडंतेल लावून करडू ओढते. हात धुते, पण आधी पदराला पुसते.

मी उगीच बिथरलेय का? हा जंतू नक्की काय आहे, आणि एवढी वर्षं माहीत असून त्यावर संशोधन कुठवर आलंय?

खडूस_काका
क्यू ताप? तो आम्हाला दर महिन्याला येतो, रेशनच्या दुकानासमोर.

चहाबाज
काका =)) वाचतोय. पाणी ठेवलंय चहाला.

गोठ्यातला_डॉक्टर
ताई, बिथरलेल्या नाही आहात. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढली, सोलापूर-सांगली पट्ट्यात. चार शेळ्या लागोपाठ गाभडल्या की आमच्या डोक्यात पहिलं नाव ब्रुसेला या जंतूचं येतं, त्यामागे क्लॅमिडिया वगैरे जंतू. क्यू तापाचा जंतू, कॉक्सिएला बर्नेटी, त्या यादीत असतो, पण खाली कुठेतरी. खाली असण्याचं कारण तो दुर्मिळ आहे हे नव्हे. आपण शोधत नाही.

एक गंमत सांगतो. वारेचा (पोटात गर्भाला पोसणारी, व्याल्यावर बाहेर पडते ती) तुकडा काचेवर घासून रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी ठिपके दिसतात. ब्रुसेला असला तरी गुलाबी, क्लॅमिडिया तरी गुलाबी, कॉक्सिएला तरी गुलाबी. आम्ही कागदावर "ब्रुसेला संशयित" लिहून मोकळे व्हायचो. त्यातले किती खरे होते देव जाणे. खात्रीला पीसीआर (जंतूची जनुकं ओळखणारी चाचणी) किंवा रक्तातली प्रतिपिंडं लागतात. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने यावर पीसीआरचं काम केलेलं आहे, पण ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कुठे पोचतं?

या जंतूचा चावटपणा असा की बहुतेक जनावरं आजारी दिसतच नाहीत. खातात, पितात, दूध देतात. गाभण शेळीच्या वारेत मात्र तो बेसुमार वाढतो, एका ग्रॅममध्ये अब्जाच्या घरात. शेळी गाभडली किंवा नीट व्याली तरी वार, पाणी, सगळं जमिनीवर पडतं, वाळतं, धूळ होते. ती धूळ वाऱ्याबरोबर उडाली की झाली तुमच्या घरमालकांची खिडकी. श्वासातून मोजके जंतू गेले तरी पुरे.

भावाला सांगा: पडलेली वार कुत्र्यापुढे टाकायची नाही, उकिरड्यावर नाही. खोल खड्डा, वर चुना. हातमोजे, तोंडाला फडकं. गाभडलेली शेळी वेगळी बांधा. लेंडीखत लगेच उपसून पसरू नका, झाकून कुजू द्या.

शेळीपालक_बार्शी
झालं सुरू. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा बार्शीत बसून माझ्या मेव्हण्याची पोल्ट्री बुडाली. आमच्याकडे एक कोंबडी शिंकली नव्हती. लोकांनी चिकन खाणं सोडलं, फुकट वाटलं तरी घेईनात. आता परदेशातला रोग आणून शेळीवाल्याच्या गळ्यात बांधा. आमच्या चार पिढ्या शेळ्यांत गेल्या, कुणी सातव्या पायरीवर बसलं नाही.

खडूस_काका
बार्शीकर, तुमच्याकडे जिना आहे का पण? (हलके घ्या.)

ब्रिस्बेनकर
बार्शीकरांच्या रागाला नव्वद वर्षांचा इतिहास आहे, म्हणून लिहितो.

हा आजार सापडलाच मुळी इथे, ब्रिस्बेनमध्ये. १९३५ साली कत्तलखान्यातल्या कामगारांना विचित्र ताप यायला लागला. एडवर्ड डेरिक नावाच्या डॉक्टरला तपासायला सांगितलं. टायफॉइड नाही, लेप्टोस्पायरोसिस नाही, काही जुळेना. त्याने रुग्णांचं रक्त गिनीपिगना टोचलं, त्यांना ताप आला, पण जंतू काही दिसेना. नाव काय द्यायचं? "कत्तलखाना ताप" म्हटलं तर मांसाचा धंदा बसेल. "क्वीन्सलँड ताप" म्हटलं तर राज्याची बदनामी. "एक्स" हे अक्षर आधीच दुसऱ्या रोगाने पळवलं होतं. मग क्यू, म्हणजे "क्वेरी", प्रश्न. १९३७ साली हे नाव छापून आलं. लोकांना अजून वाटतं क्यू म्हणजे क्वीन्सलँड.

थोडक्यात, मांसाचा धंदा बसू नये म्हणूनच या तापाचं नाव असं प्रश्नचिन्ह होऊन बसलंय.

डेरिकने नमुने मेलबर्नला मॅकफार्लेन बर्नेट आणि मॅव्हिस फ्रीमन यांना पाठवले, त्यांना जंतू सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत माँटॅनातल्या नाइन माइल नावाच्या ओढ्याजवळ पकडलेल्या गोचिडांतून डेव्हिस आणि कॉक्स यांनी एक जंतू वेगळा केला होता, पण त्याने होणारा रोग त्यांना माहीत नव्हता. इकडे रोग होता, जंतू नव्हता. तिकडे जंतू होता, रोग नव्हता! १९३८ साली रोला डायर नावाचे बडे अधिकारी कॉक्सची प्रयोगशाळा बघायला गेले, परत आले आणि तापाने पडले. त्यांच्याच रक्तात तो जंतू निघाला, आणि दोन्ही टोकं जुळली. कॉक्स आणि बर्नेट दोघांचीही नावं मग जंतूला चिकटली.

चहाबाज
म्हणजे साहेब तपासणीला गेले आणि स्वतःच पुरावा होऊन आले. आमच्या ऑडिटरांचं असं काही होत नाही.

पेशीबाई
ब्रिस्बेनकर, मस्त. पुढचा भाग माझा. पीएचडी या जंतूवर नाही, पण शेजारच्या टेबलावर होता. वर्गीकरणात तो लेजिओनेला या न्यूमोनियाच्या जंतूचा नातेवाईक निघाला. आधी सगळे त्याला रिकेट्सिया, म्हणजे गोचीड-उवांतून पसरणाऱ्या जंतूंपैकी एक, समजत होते.

माणगंगाताईंनी विचारलंय संशोधन कुठवर आलं. ते रखडलं याचं मोठं कारण असं, की हा जंतू बशीत वाढायचाच नाही. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जंतूंना गिळतात आणि आत आम्लाने, विकरांनी जिरवतात. कॉक्सिएला त्या आम्लाच्या पिशवीतच मजेत राहतो. इतर जंतू जिथे मरतात तिथे याचं चयापचय सुरू होतं. आत बसून तो एका सुईसारख्या यंत्रणेतून स्वतःची प्रथिनं पेशीत सोडतो आणि पिशवी आपल्याला हवी तशी मोठी करून घेतो. भाडेकरूने घरमालकाच्या खर्चाने वरचा मजला चढवावा तसं. (माणगंगाताई, हे तुम्हाला उद्देशून नाही.)

त्यामुळे सत्तर वर्षं त्याला कोंबडीच्या अंड्यात नाहीतर जिवंत पेशींत वाढवायचे. कटकटीचं काम, धोक्याचंही. १९४० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एकाच इमारतीतल्या पंधरा जणांना लागण झाली, एक दगावला. त्यातले काही जण या जंतूवर काम करतही नव्हते.

मग २००९ साली माँटॅनाच्याच रॉकी माउंटन प्रयोगशाळेत ओम्सलँड, हाइन्झेन आणि सहकाऱ्यांनी पेशींशिवाय वाढेल असं माध्यम बनवलं. युक्ती काय? आम्लता त्या पिशवीइतकी, खाऊ नीट मोजून, आणि हवेत ऑक्सिजन फक्त अडीच टक्के. आपण एवढी वर्षं त्याला भरपूर मोकळी हवा देत होतो आणि म्हणत होतो, हा वाढत का नाही! त्याला हवी होती कोंदट खोली. त्यानंतर जनुकं बंद-चालू करून बघणं जमायला लागलं.

दुसरी गंमत. अंड्यात पुनःपुन्हा वाढवला की तो अंगावरचं साखरेचं लांबलचक आवरण टाकून देतो आणि निरुपद्रवी होतो. घातक रूपाला पहिली अवस्था म्हणतात, या आळशी रूपाला दुसरी. बहुतेक प्रयोग दुसऱ्या अवस्थेवर होतात, कारण पहिलीसाठी कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते. रोग कळायचा तर पहिली लागते, काम करायचं तर दुसरी परवडते. आमच्या शेजारच्या टेबलाचं सगळं रडगाणं या एका वाक्यात आहे.

निनावी_वाटसरू
हे जैविक अस्त्र आहे म्हणे. कुणी बोलत नाही यावर.

पेशीबाई
बोलतात की. १९५०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या फोर्ट डेट्रिक या तळावर एका प्रचंड धातूच्या गोलात याचे फवारे सोडून स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे सैनिक होते ते. १९५५ साली युटाच्या वाळवंटात उघड्यावरही. आजारी पडलेल्यांना प्रतिजैविकं दिली. मारण्यापेक्षा शत्रूला अंथरुणाला खिळवायचं, हा विचार. पण माणमधल्या शेळ्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, धागा तिकडे नेऊ नका.

निनावी_वाटसरू
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुगरण_सासवड
मला फक्त एक सांगा, खरवस खायचा की नाही? आणि धाकट्याला शेळीचं दूध देते, निरसंच. सासूबाई म्हणतात उकळलं की गुण जातो.

गोठ्यातला_डॉक्टर
खरवस कुकरमध्ये शिजतो, खुशाल खा. दूध उकळूनच द्या. सासूबाईंना सांगा, अमेरिकेत १९५६ साली याच जंतूपायी पाश्चरीकरणाचं तापमान वाढवलं, अर्धा तास ६१.७ अंशांवर तापवायचे ते ६२.८ केलं. आपण तर पार ऊतू घालवतो. मुख्य धोका श्वासातून आहे, दुधातून कमी. पण निरशा दुधात ब्रुसेलाही असतो, आणि तो माणसाला लोळवतो.

घोंगडीवाला
जंतू लोकरीत सात ते नऊ महिने टिकतो असं वाचलं आत्ता. आता घोंगडीवरही संशय का? आजोबांची घोंगडी आमच्याकडे चाळीस वर्षं आहे.

खडूस_काका
चाळीस वर्षांची न धुतलेली घोंगडी असेल तर जंतूच आत यायला घाबरेल.

शेळीपालक_बार्शी
विनोद पुरे. मला सांगा, त्या नेदरलँड्समध्ये शेळीवाल्यांचं काय केलं?

माणगंगा
घरमालकांना विचारलं, आणि इथल्या बातम्याही चाळल्या. युरोपने १९८४ साली गायीच्या दुधावर कोटा लावला, मग बऱ्याच जणांनी शेळ्या धरल्या. शेकड्यांनी, एकेका शेडमध्ये. २००५पासून फार्मांवर शेळ्या गाभडायला लागल्या. २००७ साली हेर्पेन नावाच्या छोट्या गावातल्या डॉक्टरांना न्यूमोनियाचे रुग्ण भराभर दिसले. २००८ साली हजारभर रुग्ण, २००९ साली २३००च्या वर. एकूण नोंद चार हजारांवर, खरी लागण चाळीस हजारांवर असावी असा अंदाज. फार्मपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना सगळ्यात जास्त धोका होता.

आणि डिसेंबर २००९मध्ये सरकारने लागण झालेल्या फार्मांवरच्या गाभण शेळ्या मारायला घेतल्या. पन्नास हजारांहून जास्त. आजारी दिसत नव्हत्या, तरी.

शेळीपालक_बार्शी
पन्नास हजार. गाभण.

गाभण शेळी विकतानासुद्धा आमच्या घरात आई बोलत नाही दिवसभर.

गोठ्यातला_डॉक्टर
बार्शीकर, म्हणूनच वेळेवर शोधा म्हणतोय. त्यांनी नंतर टाकीतल्या दुधाची नियमित तपासणी आणि दुधाळ शेळ्या-मेंढ्यांना सक्तीची लस सुरू केली, आणि साथ ओसरली. हेच दोन वर्षं आधी झालं असतं तर बऱ्याच शेळ्या वाचल्या असत्या. रोगाचं नाव घेतल्याने धंदा बसतो हे खरं, पण लपवल्याने शेडच रिकामी होते. डच लोकांकडे जंतू एकाच प्रकारचा दाट शेडांमध्ये फिरला. आपल्याकडे कळप लहान, शेळ्या दिवसभर रानात. त्यामुळे तशी साथ आपल्याकडे होईलच असं मी म्हणणार नाही. पण तुरळक केसेस "व्हायरल ताप" म्हणून जात असणार याबद्दल मला शंका नाही.

शेळीपालक_बार्शी
आपल्याकडे मारायच्या आधी भरपाईचा कागद दाखवा, मग नाव घेतो. बाकी चुन्याचं पटलं.

ब्रिस्बेनकर
माणसांच्या लशीबद्दल: ऑस्ट्रेलियात १९८९पासून आहे. पुतणी पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला, तिला घ्यावी लागली. पण सरळ टोचत नाहीत. आधी रक्ततपासणी आणि हातावर चाचणीचं इंजेक्शन, सात दिवसांनी परत जाऊन हात दाखवायचा. दोन्ही कोरे असतील तरच लस. आधी कधी लागण होऊन गेलेली असेल तर लशीने हात भयंकर सुजतो. तिच्या वर्गातल्या एका मुलाची चाचणी पॉझिटिव्ह. तो मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेला, कधी झाला ते त्यालाही माहीत नाही. पोरं त्याला "क्यू" म्हणूनच हाक मारतात.

चहाबाज
जेम्स बाँडमध्ये आहे ना तो.

पेशीबाई
लागण झालेल्यांपैकी निम्म्यांहून जास्त लोकांना काही कळतच नाही, त्यातला हा पोरगा. बाकीच्यांना ताप, न्यूमोनिया, नाहीतर यकृताला सूज. डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक दोन आठवडे दिलं की बहुतेक बरे होतात. काही टक्क्यांत मात्र तो जुनाट होऊन हृदयाच्या झडपेवर बसतो, आणि मग डॉक्सीबरोबर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीड वर्ष. का, ते ऐका: डॉक्सी त्या आम्लाच्या पिशवीत नीट चालत नाही, दुसरं औषध आम्लता उतरवतं. कोव्हिडमध्ये गाजलेल्या मार्सेच्या दिदिए राउल यांच्या गटाचं हे जुनं काम, आणि हे मात्र टिकलं.

घरमालकांचा थकवा ही तिसरीच गोष्ट. जंतू सापडत नाही, थकवा जात नाही. का, यावर अजून भांडण चालू आहे.

माणगंगा
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं. वहिनीला पाचवा महिना आहे, आणि गोठा झाडायचं काम तिच्याकडेच असतं.

गोठ्यातला_डॉक्टर
हे आधी सांगायचं ना, ताई! तिला आजपासून गोठ्यात पाठवू नका. आज म्हणजे आज. गर्भारपणात हा जंतू वारेला लागतो, शेळीच्या तसाच माणसाच्या. तिला ताप नसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना "घरच्या शेळ्या गाभडल्यात" हे स्पष्ट सांगा, ब्रुसेला आणि क्यू दोन्हीचं विचारा. औषध आपल्या मनाने नको, डॉक्सी गर्भारपणात टाळतात, तिथे वेगळं देतात. आणि पुढची शेळी गाभडली तर वारेचा तुकडा बर्फात घालून तालुक्याच्या डॉक्टरांकडे, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवा म्हणून सांगा.

सुगरण_सासवड
वहिनीला माहेरी पाठवा सरळ. कारण विचारलं तर डोहाळजेवण सांगा.

माणगंगा
(तीन आठवड्यांनी)
अपडेट देते. वहिनी माहेरी गेली, डोहाळजेवणाचीच सबब चालली. तिचं रक्त दिलंय, ब्रुसेला नाही, क्यूचं अजून यायचंय. मध्ये पाचवी शेळी गाभडली. भाऊ वार घेऊन मोटारसायकलवरून दहिवडीला गेला, लग्नात मिळालेल्या आइस्क्रीमच्या डब्यात बर्फ घालून. तिकडचाही रिपोर्ट यायचाय.

आईशी भांडण झालं. हातमोज्यात करडाचा पाय कळत नाही म्हणते. "बोटाला दिसतं, मोज्याला दिसत नाही." शेवटी साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी हाताला बांधायला तयार झाली.

गोठ्यातला_डॉक्टर
पिशवी कोपरापर्यंत येते का?

माणगंगा
मनगटाच्या वर थोडी. मग रबर.

गोठ्यातला_डॉक्टर
गायीसाठी खांद्यापर्यंतचे पातळ मोजे असतात, दवाखान्यात मिळतील. त्यातून बोटाला दिसतं. मी तीस वर्षं बघितलंय त्यातून. आईंना माझं नाव सांगा.

शेळीपालक_बार्शी
मलाही एक डबा सांगून ठेवा, डॉक्टर.